तंबाखूही बाहेरचाच : मोबाइल कंपन्यांच्या संचालक मंडळांना सोलापुरातून खुले पत्र

सोलापूर

प्रति,
भारतात स्वतःच्या नावाने मोबाइल फोन विकणाऱ्या, परंतु ते इतरांकडून बनवून घेणाऱ्या कंपन्यांची मा. संचालक मंडळे

विषय : नेटवर्कची मानके बदलत असताना फोनची रचना आणि उत्पादन बाहेर सोपवण्याच्या आपल्या निर्णयांबाबत

महोदय, महोदया,

मी सोलापूरच्या नवी पेठेत मोबाइल विक्रीचे आणि दुरुस्तीचे दुकान चालवतो. हे पत्र एखाद्या बिघडलेल्या फोनची तक्रार नव्हे; तशा तक्रारींसाठी आपले टोल फ्री क्रमांक आहेत आणि त्यांवर वाजणारे संगीत आम्हा दुकानदारांना तोंडपाठ झाले आहे. फोन कोणाकडून बनवून घ्यायचा, त्यात काय घालायचे आणि काय गाळायचे हे आपल्या बैठकीत ठरते, त्या दिवशी आपल्यासमोर दर नगामागे वाचणाऱ्या रुपयांचा तक्ता असतो. त्या वाचलेल्या रुपयांची भरपाई पुढची तीन-चार वर्षे कोण करत राहतो, याचा तक्ता मात्र आपल्यासमोर कोणी ठेवत नसावे, म्हणून हे लिहीत आहे.

आपण काम बाहेर देता याला माझा आक्षेप नाही. दुसऱ्याकडून काम करवून घेणे म्हणजे काय, हे या शहराला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पूर्व भागातल्या बाया विडी कारखान्याच्या ब्रँचमधून पाने, तंबाखू आणि दोरा घेऊन घरी जातात, वळलेल्या विड्या परत आणून देतात, लेबल कारखानदाराचे लागते आणि तपासणीत जी छाट निघते तिचा भुर्दंड वळणारीवर बसतो. या व्यवस्थेविरुद्ध येथे आजवर पुष्कळ मोर्चे निघाले आहेत. तरीही तिच्यात एक गोष्ट स्वच्छ आहे : तंबाखू कोणता वापरायचा हे कारखानदार स्वतः ठरवतो, कारण विडी त्याच्या नावाने ओढली जाते. आपल्यापैकी अनेकांनी वळण्याच्या कामाबरोबर तंबाखू ठरवण्याचे कामही बाहेर देऊन टाकले आहे, आणि माझे सगळे म्हणणे एवढ्याच मुद्द्याभोवती आहे.

आपल्याच आराखड्याबरहुकूम कारखान्याकडून फोन जोडून घेणे ही एक रीत झाली. हुआचिन, लाँगचिअर यांसारख्या चिनी कंपन्यांनी आधीच तयार केलेला आराखडा निवडायचा, कॅमेऱ्याची चौकट आणि मागच्या झाकणाचा रंग बदलायचा आणि त्यावर आपले नाव छापायचे, ही दुसरी रीत. धंद्यात तिला ओडीएम म्हणतात. पहिल्या रीतीत फोनचा रेडिओ, म्हणजे तो कोणकोणत्या लहरी पकडणार आणि नेटवर्कशी कोणत्या भाषेत बोलणार, याची जाण आपल्या अभियंत्यांकडे राहते. दुसऱ्या रीतीत ती जाण कंत्राटदाराकडे असते, आणि आराखडा एकदा विकला गेला की तो पुढच्या ग्राहकाकडे वळतो.

स्वतःचा कारखाना असला म्हणजे कंपनी तरली, असेही मी म्हणणार नाही. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर येथे २००६ मध्ये सुरू झालेला नोकियाचा प्रचंड कारखाना कर-वादामुळे मायक्रोसॉफ्टच्या खरेदीबाहेर राहिला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद पडला. पण त्याच्या कितीतरी आधी त्या कंपनीचा फोन सॉफ्टवेअरमध्ये मागे पडला होता. उलट बाजूचे उदाहरण एरिक्सनचे आहे. मार्च २००० मध्ये अमेरिकेतील अल्बुकर्की येथे फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली, तेव्हा नोकियाने धावपळ करून दुसरीकडून चिप मिळवल्या आणि एरिक्सन हात चोळत बसली. आधीच तोट्यात असलेल्या या कंपनीने जानेवारी २००१ मध्ये फोनचे उत्पादन फ्लेक्स्ट्रॉनिक्स या कंत्राटी उत्पादकाकडे सोपवत असल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सोनीबरोबरची संयुक्त कंपनी सुरू झाली. कारखाने गेले, पुढे फोनही गेले, परंतु मानके घडवण्याचे काम आणि त्यावरची पेटंटे एरिक्सनने सोडली नाहीत. म्हणूनच २०१३ मध्ये ती दिल्ली उच्च न्यायालयात मायक्रोमॅक्सविरुद्ध दावा लावू शकली. ज्याने फोन बनवणे सोडले होते तो मानकाच्या पेटंटांचे पैसे मागत होता, आणि ज्याच्या नावाने देशभर फोन खपत होते त्याच्यावर ते देण्याची वेळ आली होती.

ॲपलही स्वतः फोन जोडत नाही. फॉक्सकॉन आणि आता टाटा इलेक्ट्रॉनिक्स ते करतात. पण त्याच ॲपलने २०१९ मध्ये इंटेलचा स्मार्टफोन-मोडेमचा, म्हणजे फोनला नेटवर्कशी जोडणाऱ्या चिपचा, विभाग सुमारे एक अब्ज डॉलरना विकत घेतला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वतःचा मोडेम असलेला आयफोन १६ई बाजारात आणला. जगातला सर्वांत श्रीमंत फोनवाला जोडणी बाहेर ठेवून मोडेम घरात आणण्यासाठी वर्षानुवर्षे पैसा ओततो, याचा अर्थ आपल्या मंडळांनी लावला असेलच. ॲपलइतका पैसा आपल्यापाशी नाही, हे मान्य आहे. मोडेम क्वालकॉमचा किंवा मीडियाटेकचा घ्या. तो भारतातील कोणत्या नेटवर्कवर, कोणत्या बँडवर, म्हणजे लहरींच्या कोणत्या पट्ट्यावर, आणि कोणत्या सॉफ्टवेअरनिशी चालेल, हे ठरवणारी माणसे तरी आपल्या पगारपत्रकावर असावीत.

ती नसली की काय होते, हे आम्ही काउंटरवरून पाहिले आहे. मीडियाटेकने २जी फोनची चिप, सॉफ्टवेअर आणि आराखडा असा एकत्र संच देऊ केल्यावर फोन काढण्यासाठी रेडिओतले काही कळण्याची गरजच उरली नाही. चिनी कंपन्यांकडून माल आणून स्वतःचे नाव लावणाऱ्यांची आपल्याकडे रांग लागली. दोन सिमकार्डे, मोठा आवाज, दणकट बॅटरी आणि कमी किंमत. या फोननी बाजार बदलला आणि आमची दुकाने त्यांवरच उभी राहिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. त्या काळात आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनची स्वतंत्र ओळख, नसलेले फोन इतके शिरले होते की, ३० नोव्हेंबर २००९ नंतर ते नेटवर्कवरून तोडण्याचा आदेश सरकारला द्यावा लागला. पुढे २०१४ च्या अखेरीस एका संशोधन संस्थेच्या मोजणीत मायक्रोमॅक्सने स्मार्टफोन-विक्रीत सॅमसंगलाही मागे टाकले.

मग ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सर्वांसाठी खुली झाली. त्या नेटवर्कमध्ये २जी नव्हते आणि ३जीही नव्हते. तेथे आवाजसुद्धा इंटरनेटच्या डेटासारखा तुकड्या-तुकड्यांनी जात होता, आणि त्यासाठी फोनमध्ये व्होल्टीई, म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय, असावे लागत होते. नुसते '४जी' असे खोक्यावर छापलेल्या फोनवर त्या सिमने व्हिडिओ दिसत असे, पण वेगळे ॲप टाकल्याशिवाय साधा कॉल लागत नसे. गिऱ्हाईक साहजिकच दुकानदाराला खोटारडा म्हणत असे. त्याच दिवसांत दिवाळीसाठी भरलेला ३जी फोनचा माल नवी पेठेतल्या कपाटांत पडून होता. दिवाळी ३० ऑक्टोबरला होती आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली, त्यामुळे उरलासुरला माल रोखीने काढण्याची वाटही बंद झाली.

त्या मालाचे पुढे काय झाले ते सांगणे भाग आहे. कंपनीचे नाव घेत नाही, कारण हा एकीचा दोष नव्हता. भाव उतरले की फरक परत मिळेल, असे प्रतिनिधीने माल भरताना तोंडी सांगितले होते. भाव उतरले तेव्हा डिस्ट्रिब्युटर म्हणाला कंपनीकडून क्रेडिट नोट आली नाही, आणि कंपनी म्हणाली ज्या फोनचे ॲक्टिव्हेशन ठरलेल्या मुदतीत झाले नाही ते योजनेत बसत नाहीत. सॉफ्टवेअरने व्होल्टीई देता येईल का, असे विचारले तर उत्तर आले की मॉडेल जुने झाले. ते मॉडेल खरेदी करून वर्षही झालेले नव्हते! जुना झाला होता तो कंत्राटदाराचा आराखडा, आणि त्यावर पुन्हा काम करायला कंत्राटदार वेगळे पैसे मागत असणार, एवढे अनुमान करायला अभियंता असावे लागत नाही.

देशी कंपन्यांना चिनी कंपन्यांनी केवळ पैशाच्या जोरावर बाजूला सारले, हे स्पष्टीकरण मी पुष्कळ ऐकले आहे. ते अपुरे आहे. शाओमीनेही ऑगस्ट २०१५ पासून आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे फॉक्सकॉनकडून फोन जोडून घ्यायला सुरुवात केली होती, म्हणजे काम तेही बाहेरच देत होते. पण फोनमधले सॉफ्टवेअर त्यांचे स्वतःचे होते आणि ४जीचा अंदाज त्यांनी आधी बांधला होता. नेटवर्क बदलले तेव्हा त्यांना कोणाला फोन करून विचारावे लागले नाही.

मानक बदलले की फोन मरतो, हा अनुभव त्याआधीही आला होता. २००३ मध्ये ५०१ रुपये भरून ज्यांनी सीडीएमए या वेगळ्या तंत्राचे फोन घेतले, त्यांचा फोन आणि नेटवर्क एकमेकांना बांधलेले होते, आणि ती सेवा आटोपल्यावर यंत्र चांगले असूनही निकामी झाले. मात्र तेव्हा गिऱ्हाईकाला निदान ठाऊक होते की, हा फोन अमक्याच कंपनीवर चालतो. आज खोक्यावर '५जी' हे अक्षर मोठे असते आणि खरी माहिती कोठेच नसते.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जीचा शुभारंभ झाला तेव्हा हे पुन्हा दिसले. जिओने स्वतंत्र गाभ्याचे, ज्याला एसए म्हणतात, ते तंत्र घेतले आणि ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीही विकत घेतल्या. एअरटेलने आरंभी ४जीच्या खांद्यावर उभे राहणारे एनएसए तंत्र घेतले. त्याआधी दोन वर्षे ५जी म्हणून विकले गेलेले काही फोन फक्त एन७८ या एकाच बँडचे होते, काहींत एसए सुरूच केलेले नव्हते. मोठ्या कंपन्यांचे महागडे फोनही अपडेटची वाट पाहत होते. आयफोनला ते डिसेंबर २०२२ मधल्या आयओएस १६.२ ने मिळाले. त्यांना उशिरा का होईना, पण मिळाले. ओडीएमकडून घेतलेल्या स्वस्त फोनच्या वाट्याला ते येईल की नाही, हे मात्र कंत्राटात काय लिहिले आहे यावर अवलंबून होते, आणि ते कंत्राट ना गिऱ्हाईकाने पाहिले ना आम्ही.

येथे दोन उणिवांतला फरक आपण लक्षात घ्यावा, अशी माझी विनंती आहे, कारण आपल्या विक्री विभागाला तो माहीत नसल्याचे वारंवार आढळते. एसए, व्होल्टीई किंवा वायफायवरून कॉल या गोष्टी मोडेममध्ये मुळात असतील तर सॉफ्टवेअरने खुल्या करता येतात. कंपनीने प्रत्येक नेटवर्कबरोबर चाचणी करून अपडेट पाठवले की काम झाले. बँडचे तसे नाही. प्रत्येक बँडसाठी बोर्डवर त्याचे फिल्टर लागतात, त्याला साजेसा ॲम्प्लिफायर आणि अँटेना लागते, आणि हे सुटे भाग पैसे वाचवण्यासाठी गाळले असतील तर जगातले कोणतेही सॉफ्टवेअर मारून तो बँड येत नाही. आराखडा निवडताना नगामागे वाचवलेले थोडेसे रुपये हा फोनच्या उरलेल्या आयुष्यावर कायमचा घातलेला अडसर असतो.

आमच्या जिल्ह्यात हा अडसर ७०० मेगाहर्ट्झवर येऊन टेकला आहे. या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतून आत शिरतात. सांगोला, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर अशा तालुक्यांत, जिथे वस्त्या रानोमाळ पसरलेल्या आहेत, तिथे त्यांचे मोल सर्वांत अधिक. बीएसएनएलचे ४जी जाळे ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर उभे राहिले आहे. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवल्यावर अनेकांनी आपले क्रमांक बीएसएनएलकडे वळवले, आणि त्यातल्या पुष्कळांच्या असे लक्षात आले की शेजाऱ्याच्या फोनवर ४जी दिसते, आपल्यावर दिसत नाही. सिम तेच, टॉवर तोच. ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ त्या फोनमध्ये नव्हता. आपण फोन विकताना हे सांगितले असते तर त्या माणसाने शंभर-दोनशे रुपये अधिक देऊन दुसरा घेतला असता. विडी वळणारी बाई असो की उसाच्या फडावरचा मजूर, फोनसाठी हप्ते भरणारा माणूस शंभर रुपयांचा हिशेब आपल्या वित्त विभागापेक्षा बारकाईने करतो.

दुरुस्तीची बाजू थोडक्यात सांगतो. एकाच नावाच्या मॉडेलचे दोन खेपांतले फोन उघडले तर आत वेगळे फोल्डर (काचेसह स्क्रीनचा जोड), वेगळी चार्जिंगची पट्टी आणि कधी कधी वेगळा कनेक्टर निघतो. कंत्राटदाराने मधेच सुटा भाग बदललेला असतो आणि आपल्या सर्व्हिस सेंटरलाही ते ठाऊक नसते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर कंपनीचे नाव असणे आणि फोल्डर सोलापुरात मिळणे यांत बरेच अंतर आहे.

सरकारी मदतीबद्दलही बोलले पाहिजे. २०२० पासूनच्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेत देशात बनलेल्या फोनच्या वाढीव विक्रीवर पाच वर्षांसाठी ४ ते ६ टक्के रक्कम मिळण्याची तरतूद झाली, आणि जोडणीचे कारखाने खरोखरच वाढले. नोएडा, होसूर, श्रीपेरुंबुदूर येथे हजारो हातांना काम मिळाले, याचा मला आनंद आहे. पण त्या योजनेने जोडणी मोजली; फोनची रचना कोणाची आणि विक्रीनंतर तिचा धनी कोण, हे मोजले नाही. 'मेड इन इंडिया' हे खोक्यावर आले आणि फोनच्या रेडिओची सूत्रे शांघाय-शेनझेनच्या वाटेवरच राहिली. यासाठी दोष सरकारला द्यायचा तेवढा द्यावा. पण योजनेने जे मागितले नाही ते करण्यास आपल्याला कोणी मनाई केली नव्हती.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, आपण ओडीएमकडून आराखडा घेणार असाल तर जरूर घ्या, मात्र मॉडेल बाजारातून उठल्यानंतरही सॉफ्टवेअर आणि सुटे भाग देत राहण्याची अट त्या कंत्राटात घाला आणि ती मुदत खोक्यावर छापा. हे अशक्य नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार फोनचे मॉडेल विक्रीतून गेल्यावरही किमान पाच वर्षे सॉफ्टवेअर अपडेट आणि सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात. तिकडे विकण्यासाठी जो कंत्राटदार ही अट मान्य करतो, तो इकडच्या फोनसाठी ती का मानत नाही, याचे उत्तर बहुधा एवढेच आहे की इकडून कोणी ती घातली नाही.

दुसरे, खोक्यावर बँडची यादी हवी, आणि तीही मराठी वाचणाऱ्याला कळेल अशी : कोणत्या कंपनीच्या सिमवर ४जी, व्होल्टीई आणि ५जी चालेल, कोणत्या सिमवर चालणार नाही. वजन-मापाच्या नियमांनी खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, महिना आणि मूळ देश छापावा लागतो. फोनवर *#०७# दाबले की फोनच्या लहरींची शरीरात शोषली जाणारी ऊर्जा सांगणारा एसएआर आकडा दिसतो, आणि तो किलोग्रॅममागे १.६ वॅटच्या आत असावा असे २०१२ पासून बंधन आहे. एवढे सारे सांगता येते, तर फोन ज्यासाठी घेतला त्या नेटवर्कविषयी चार ओळी सांगता येऊ नयेत?

तिसरी मागणी आम्हा दुकानदारांची आहे. नवे मानक येणार हे आपल्याला आमच्यापेक्षा पुष्कळ आधी कळते. स्पेक्ट्रमचा लिलाव, नेटवर्क-कंपन्यांच्या चाचण्या आणि चिपवाल्यांची वेळापत्रके ही सारी आपल्या टेबलावर येतात. अशा वेळी जुन्या मानकाचा माल लक्ष्य पूर्ण करण्यासाठी जिल्ह्यातल्या दुकानांत ढकलायचा आणि भाव उतरल्यावर ॲक्टिव्हेशनची मुदत दाखवायची, हा व्यवहार थांबला पाहिजे. भावफरकाची हमी बिलावर लेखी असावी.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण असे की, पुढचे मानक ठरू लागले आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ६जीला आयएमटी-२०३० असे नाव दिले आहे, आपल्या सरकारने मार्च २०२३ मध्ये भारत ६जीचा दृष्टिपत्र-दस्तऐवज जाहीर केला आहे आणि ५जीची मानके ज्या थ्रीजीपीपी या मंचावर तयार झाली तेथे ६जीचा अभ्यास सुरू आहे. आज आपण ज्या कंत्राटांवर सह्या कराल त्यांतले फोन त्या बदलाच्या तोंडावर लोकांच्या हातात असतील.

आपल्या प्रत्येक मंडळाकडून मला तीन गोष्टींचे लेखी उत्तर हवे आहे : आपल्या सध्याच्या कोणत्या मॉडेलांची रचना आपली आहे आणि कोणत्यांची कंत्राटदाराची, त्यांपैकी कोणत्यांत बँड २८, एन२८ (तोच ७०० मेगाहर्ट्झचा बँड, ५जीसाठी) आणि एसए आहे, आणि शेवटचे अपडेट व शेवटचा सुटा भाग कोणत्या वर्षापर्यंत मिळेल. उत्तर कंपनीच्या कागदावर, जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीने यावे. ते आल्यावर काउंटरवर लावीन. ज्यांचे येणार नाही, त्यांच्या प्रतिनिधीने सणासुदीची ऑर्डर घेण्यासाठी माझ्या दुकानात येण्याचे कष्ट घेऊ नयेत.

कळावे,

आपला विश्वासू,
मोबाइल विक्री व दुरुस्ती व्यवसायातील एक दुकानदार
नवी पेठ, सोलापूर